कार्डावरचा ताप

१

शेवटची घंटा वाजली तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. एक नंबरच्या खोलीतली गरोदर बाई पोटावरची उशी काढून हसत बाहेर आली. दोन नंबरचा दमेकरी खोकणं थांबवून चहा कुठे म्हणून विचारायला लागला. तीन नंबरमध्ये मीच होते, गुडघेदुखीची म्हातारी. त्यात सोंग थोडं आणि खरं जास्त. चार नंबरचं दार मात्र उघडलं नाही.

आमचं काम सांगते, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसतं. डॉक्टरकीच्या मुलांची परीक्षा दर वेळी खऱ्या रोग्यांवर घेता येत नाही. मग आमच्यासारखी धडधाकट माणसं बोलावतात, कागदावर दुखणं लिहून देतात आणि आम्ही ते वठवतो. परभणीच्या ज्या कॉलेजात मी हे करायची, तिथे सगळे आम्हाला सोंगाचे पेशंट म्हणायचे. मी अडतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, म्हणून बाकीच्यांना शिकवायचं काम माझ्याकडेच होतं. नियमही मीच घालून दिलेले. भूमिका मधेच सोडायची नाही. आणि खरोखर काही व्हायला लागलं तर डावा हात वर करायचा, म्हणजे परीक्षा तिथेच थांबेल.

मी चार नंबरचं दार ढकललं. आत एसीची गार हवा. खाटेवर माणिकराव सर उताणे पडलेले, अंगात भूमिकेची जाड बंडी, पायावर चादर. पोखर्णीचे हे सर शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेले, चौसष्ट वर्षांचे, काठीसारखे सरळ. त्यांची भूमिका होती उन्हात काम करताना चक्कर येऊन पडलेल्या शेतमजुराची.

‘सर, उठा. झाली परीक्षा.’

परीक्षक डॉक्टर शिवप्रकाश कागदांवर सह्या करत होते. मान वर न करता हसून म्हणाले, ‘सिस्टर, आज सरांनी कमाल केली. अजून भूमिकेतून बाहेर यायला तयार नाहीत.’

मी सरांच्या कपाळाला हात लावला, आणि तापल्या तव्यावरून उचलावा तसा मागे घेतला.

पुढची धावपळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. स्ट्रेचर, बर्फ, कात्रीनं कापलेली बंडी. ताप एकशे सात. कातडी खडखडीत कोरडी, घामाचा टिपूस नाही. तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी सर गेले.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी पोलिसांना सांगितलं, ‘बावीस अंशांच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऊन लागत नाही. ही धोत्र्याच्या विषाची लक्षणं आहेत. आतड्यांचा तपास होऊन अहवाल यायला काही महिने जातील, पण मला तरी शंका नाही.’

दुपारी जमादारानं परीक्षा विभागातल्या शिपायाची, नागेशची, सोमवारच्या धावपळीत कॉलेजातच राहिलेली पिशवी उलटी केली. डबा निघाला, विभूतीची पुडी निघाली, आणि धोत्र्याची पाच हिरवी बोंडं.

२

बुधवारी सकाळी नागेशची आई सिद्धम्मा माझ्या दारात येऊन बसली. आमची जुनी ओळख. नागेश माझ्याच हातावर जन्मला. बाळंतपणात तिनं माझं मनगट असं धरलं होतं की आठवडाभर निळं होतं. त्या दिवशीही तिनं तेच मनगट धरलं.

‘सिस्टरबाई, माझं लेकरू काल सांजंपासून ठाण्यात हाय. सोमवार व्हता ना? म्या सांगितलं व्हतं, येताना महादेवाला धोत्रा घेऊन ये म्हनून. दर सोमवारी आणतो की. तुमच्या घरी न्हाई का वाहत?’

‘वाहतात, सिद्धम्मा.’ आमच्या घरातही माझे वडील सोमवारी धोत्र्याचं फूल पिंडीवर वाहिल्याशिवाय पाणी घेत नसत.

‘मग सांगा की तेन्ला! सरांचा पोरगा राम पुन्याहून आलाय. उद्या राख सावडायची आन् परवा शुक्रवारी नागेशच्या नावानं तक्रार देणार म्हनायलाय. एकदा नाव पडलं कागदावर, मग कवा सुटंल हो?’

मी तिला चहा पाजला आणि ठाण्यात गेले. जमादार माझ्या माहेरचा, पालमकडचा. त्यानं मला बाकावर नागेशशेजारी बसू दिलं. नागेशचे डोळे सुजलेले होते. मारामुळे नव्हे, जागरणानं.

‘सरबत तू दिलंस?’

‘समद्यालाच दिलं, सिस्टर. सव्वाअकराला. सरांचं येगळं केलं, तेन्ला साखर चालत न्हाई म्हनून. तेच मागायलते, तोंड कोरडं पडायलंय म्हनत व्हते. तीच येगळी गिलास आता माझ्या गळ्यात आलीय.’

‘आणि तुमचं भांडण?’

तो खाली बघायला लागला. ‘म्या तेन्ला टाकी म्हनलो व्हतो. सारखं लघवीला उठायचे ना. म्हनलं, टाकी भरली का सर? चार लोकांत म्हनलं. लय लागलं तेन्ला. म्हनले, नागेश, तुझ्या बापाचं वय हाय माझं.’ मग एकदम तो म्हणाला, ‘पन म्या परीक्षेच्या आधल्या सोमवारी पाया पडून माफी मागितली बगा. आन् नवल म्हंजी, तवापासून सर उठतच नव्हते. शनवारच्या सरावाला तीन घंटे बसले, एकदाबी उठले न्हाईत. सोमवारीबी न्हाई.’

‘एकदाही नाही?’

‘न्हाई. म्या ध्यान ठेवून व्हतो. परत तोंडातून शबुद निसटू नये म्हनून.’

मी ठाण्यातून बाहेर पडले. सरांच्या त्या उठण्याबद्दल नागेश एकटाच बोलला नव्हता. मार्चमध्ये मीही बोलले होते, आणि नागेशसारखी माफी काही मागितली नव्हती.

३

डॉक्टर शिवप्रकाश आपल्या खोलीत पंखा बंद करून बसले होते. बत्तीस-तेहतीस वर्षांचा हुशार मुलगा. दोन दिवसांत दाढी वाढलेली.

‘मला परीक्षा मिनिटामिनिटानं सांगा,’ मी म्हटलं.

‘बाराला सुरू झाली. आठ मुलं, प्रत्येकाला सहा मिनिटं. सर पाच मिनिटं आधी आले, घाईघाईनं. चेहरा लालबुंद होता. मला वाटलं रंग लावलाय. पहिल्या दोघांना नीट उत्तरं दिली. तिसऱ्यापासून असंबद्ध बोलायला लागले. भूमिकेत तसंच लिहिलंय, सिस्टर. हळूहळू भान जातं, असं. मीच लिहिलंय ते.’

‘ताप कोणी पाहिला?’

मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक जाड कागदाचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. मी ते शंभरदा पाहिलं होतं. आमच्या परीक्षेत विद्यार्थी थर्मामीटर लावत नाही. तो तोंडानं म्हणतो, ‘मी रुग्णाचा ताप पाहतो,’ आणि परीक्षक त्याला कार्ड दाखवतो. कारण सोंगाच्या पेशंटला खरा ताप नसतोच. कार्डावर ठळक आकडा होता: १०५.

‘आठ जणांनी ताप विचारला,’ शिवप्रकाश म्हणाले, ‘आणि आठ वेळा मी हे कार्ड दाखवलं. थर्मामीटर टेबलावरच होता. डबीतून बाहेर काढला नाही कुणी. मीही नाही.’

‘हात वर केला होता का त्यांनी? डावा?’

‘नाही. मी समोरच होतो. डीनसाहेबही तेच म्हणतात, नियम सगळ्यांना माहीत होता, हात वर केला नाही, म्हणजे विषच असणार, झटक्यात भिनलं.’

मी मुलांच्या गुणपत्रिका मागितल्या. शेवटच्या मुलानं लिहिलं होतं, ‘रुग्ण बेशुद्ध.’ त्याला पैकीच्या पैकी गुण. सहाव्या विद्यार्थिनीपुढे, निकितापुढे, शिवप्रकाशांचा शेरा होता: ‘नाडी पाहण्यात फार वेळ. घंटा होईपर्यंत हात सोडला नाही.’ ते वाक्य मी दोनदा वाचलं.

फाटकावर चंद्रभान होता, रखवालदार, तंबाखू मळत. माझं वय विचारून झाल्याशिवाय हा माणूस दुसरं बोलत नाही.

‘किती झाले आता, सिस्टर? ऐंशी?’

‘एक्काहत्तर. चंद्रभान, सोमवारी बारा वाजायच्या आधी माणिकराव सर कुठे दिसले का?’

‘सर न्हाई दिसले. सर कुठले मैदानात यायलेत त्या उन्हात? बेचाळीस व्हतं त्या दिशी. एक येडं मात्र दिसलं. हॉस्टेलमागं, कुणी न्हाई बगून. रेनकोट घालून, डोक्यावर टोपडं वढून पळायलतं. मे महिन्यात रेनकोट! म्या म्हनलं असंल पोलिस भरतीचं पोरगं, वजन उतरवायलंय. पहिलवानं करतेत तसं.’

‘पळत कसं होतं?’

चंद्रभान विचारात पडला. ‘लय सरळ. छाती काढून, गुडघं वर. शाळेत पळवतेत बगा, एक-दोन, एक-दोन, तसं.’

तंबाखूची चिमूट त्याच्या बोटांतच राहिली. त्याच्याही ध्यानात आलं होतं.

४

गुरुवारी राख सावडून लोक परतल्यावर मी पोखर्णीला गेले. नृसिंहाच्या देवळासमोर बस थांबली. उन्हानं रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

बसमध्ये मला बहात्तर साल आठवत राहिलं. दुष्काळात पालमजवळ खडी फोडायचं काम निघालं होतं आणि मी एकोणीस वर्षांची, नुकती शिकाऊ नर्स. आमचे म्हातारे कंपाउंडर निजामाच्या काळात शिकलेले. दवाखान्याला ते शेवटपर्यंत शफाखाना म्हणत. ते आम्हाला सांगायचे, ‘बेटी, घाम गाळणाऱ्या मजुराची फिकर करू नको, त्याला पाणी दे. ज्याचा घाम थांबला, त्याच्याकडे पळ.’ अंग आपली उष्णता घामावाटे बाहेर टाकतं. ती वाट बंद झाली की राबणारं अंग आतल्या आत शिजतं. तिथे ओल्या पोत्यांत गुंडाळून आम्ही चौदा माणसं वाचवली, दोन गेली. त्या दोघांचीही बुद्धी आधी गेली होती, शरीर नंतर. एक बाई तर मला आपली जाऊ समजून भांडत भांडत गेली.

सरांच्या पत्नी धुरपताबाई ओसरीवर बसल्या होत्या. राम आत कुणाशी तरी फोनवर मोठ्यानं बोलत होता. मी शेजारी बसले.

मग मी विचारलं, ‘अलीकडे सरांची तब्येत कशी होती?’

‘चांगली व्हती की. उलट सुधरली व्हती. दोन वर्सं झाली, रातीत चार-पाच डाव उठायचे. पंधरा दिवसांपासून एकदाबी न्हाई. म्हनायचे, धुरपते, आता मी पोरावानी झोपतो.’

‘जेवण?’

‘जेवन जाईना. भाकर तोंडात फिरायची निस्ती, घासाघासाला पानी लागायचं. अन् पेपर दिसंना झालता जवळचा. मला म्हनले, चष्मा बदलावा लागतोय.’

‘हेही पंधरा दिवसांपासूनच?’

‘हां. तवापासूनच.’

मी डोळे मिटून घेतले. कोरडं तोंड, जवळचं न दिसणं, मोठ्या बाहुल्या, बंद झालेला घाम. अगदी धोत्र्याची लक्षणं. पण पंधरा दिवसांची! आणि नागेशचं सरबत तर एका सकाळचं.

‘सरांच्या रोजच्या वस्तू बघू का? चष्मा वगैरे?’

चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली, गोळ्यांचं पाकीट होतं. बरंचसं रिकामं. कुणा डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. नाव वाचायला मला चष्मा लागला, पण ओळखायला वेळ लागला नाही. लघवी आवरून धरणारी गोळी. धोत्र्याच्याच जातीचं काम करते. ती लघवी आवरते, थुंकी आवरते, आणि घामही आवरते. ही गोळी घेणाऱ्यानं उन्हात पळू नये, एवढं सांगायला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. म्हणजे मी होते. पण त्यांनी मला का सांगावं?

धुरपताबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या.

‘काय हाय ते? आन् मला एक कळंना बाई. ह्या उन्हाळ्यात पेटीतला रेनकोट काढून सोमवारी कामून नेला असंल त्यांनी? पिशवीत तसाच गुंडाळलेला परत आलाय.’

‘उद्या ठाण्यात या,’ मी म्हटलं. ‘तोवर कशावर सही करू नका. मी सगळं सांगते.’

‘तुमी आताच सांगा.’

‘अजून एका मुलीला विचारायचं राहिलंय.’

५

निकिता पालमच्या कापड दुकानदाराची मुलगी. हॉस्टेलच्या खोलीत ती पुस्तकं पेटीत भरत होती.

‘मी घरी चाललेय, आजी. मला हे जमणार नाही.’

‘काय जमणार नाही?’

ती पुस्तकं भरत राहिली. मी तिच्या खाटेवर बसले. म्हातारपणाचा एक फायदा आहे. आपण न बोलता कितीही वेळ बसू शकतो, आणि तरुण माणसांना ते सोसत नाही.

‘शनिवारच्या सरावात मी त्यांना हसले होते,’ ती म्हणाली. ‘त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, काका, कार्डावर एकशे पाच आणि तुमचा हात तर माठातल्या पाण्यासारखा! सगळे हसले. शिवप्रकाश सरही हसले. काकांनी हात काढून घेतला. म्हणाले, बेटा, सोमवारी बघ.’

आता साखळीतल्या सगळ्या कड्या माझ्या हातात आल्या होत्या. चिडवल्यावर न हसणारा माणूस. तीस वर्षं पोरांना पळवलेला, अंग तापवायचा एकच रस्ता ठाऊक असलेला. त्यानं रेनकोट चढवला आणि भर उन्हात वीसेक मिनिटं पळून आला, म्हणजे सोंग खोटं दिसायला नको. निरोगी माणूसही अशानं कोसळला असता. त्यांच्या अंगातून तर घामाची वाटच बंद होती.

‘आणि सोमवारी तू त्यांची नाडी धरलीस.’

‘हात पेटलेला होता, आजी. मला वाटलं, यांनी गरम पाण्याची पिशवी लपवलीय. मला दाखवायला. मी शिवप्रकाश सरांकडे बघितलं, म्हटलं, ताप पाहते. त्यांनी कार्ड दाखवलं. एकशे पाच. मग मला वाटलं, बरोबर आहे की.’ ती थांबली. ‘बरोबर आहे! मी नाडी मोजत राहिले. एकशे साठच्या वर लागत होती. मला वाटलं माझंच चुकतंय, परत मोजली.’

‘काय बोलत होते ते?’

‘पोरांना हाका मारत होते. सावलीत या रे, रांगा सोडा, सावलीत या. मी लिहून घेतलं, रुग्णाचं भान हरपलंय. त्याचे दोन गुण असतात.’

तिनं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

‘कोणता हात धरला होतास?’ मी विचारलं. विचारायला नको होतं. नर्सची सवय.

‘डावा,’ ती म्हणाली. ‘त्यांनी एकदा ओढल्यासारखा केला. वर. मी ठोके मोजत होते, म्हणून घट्ट धरून ठेवला.’

मी तिची पेटी रिकामी करायला लागले, एकेक पुस्तक काढून पुन्हा फळीवर. ती बघत राहिली. नंतर तीही लावायला लागली.

६

शुक्रवारी ठाण्यात एका बाकावर सिद्धम्मा होती आणि समोरच्या बाकावर धुरपताबाई आणि राम. शिवप्रकाश भिंतीला टेकून उभे. जमादारानं तक्रारीचा कागद पुढे ओढला.

‘आधी माझं लिहून घ्या,’ मी म्हटलं.

सगळ्यात अवघड ते आधी सांगावं, नाहीतर ते राहून जातं. म्हणून मी मार्चपासून सुरुवात केली. ‘मार्चच्या परीक्षेत सर मधेच लघवीला उठले आणि एका मुलाची वेळ वाया गेली. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, सर, तुम्हाला तीन तास धरवत नसेल तर हे काम सोडा. त्यांनी काम सोडलं नाही. लघवी आवरायची गोळी सुरू केली.’

मग मी गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. पंधरा दिवसांचं कोरडं तोंड सांगितलं, न दिसणारा पेपर सांगितला. चंद्रभानला आत बोलावलं, त्यानं रेनकोटवाल्याची चाल सांगितली. शनिवारचं हसू सांगितलं. कुणाचं, ते सांगितलं नाही. म्हटलं, सगळेच हसले होते. सरबतात लिंबू आणि मीठ होतं, एवढंच. धोत्रा महादेवाचा होता. आणि हात वर करायचा नियम माझा होता, तो मूर्खपणाचा होता. ज्याची शुद्ध जातेय त्यानं शुद्धीत राहून हात वर करावा, असा नियम मी केला. आणि मी तर बहात्तर साली त्या बाईला भांडत भांडत मरताना पाहिलेली.

शिवप्रकाश पुढे आले. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. ‘थर्मामीटर माझ्यासमोर होता,’ ते म्हणाले. ‘हेही लिहा.’

राम उठून उभा राहिला. ‘म्हणजे कुणाचाच गुन्हा नाही? माझा बाप ह्यांच्या परीक्षेत मेला आणि सगळे येऊन गोष्टी सांगायलेत?’

‘खाली बस, राम,’ धुरपताबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. ‘म्हंजी तेन्ला कुणी मारलं न्हाई.’

‘नाही.’

‘आन् आठ डागदर बगून गेले तरी कुणी वाचिवलंबी न्हाई.’

‘नाही.’

‘येळीच कळलं असतं तर?’

खोटं बोलता आलं असतं. ‘पहिल्या पंधरा मिनिटांत गार पाण्यात बसवलं असतं,’ मी म्हटलं, ‘तर बहुतेक वाचले असते.’

जमादारानं पेन खाली ठेवलं होतं. मग धुरपताबाईंनी ते उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

‘लिव्हा. नागेशवर माझा शक न्हाई म्हनून. मला सही येती, सरांनीच शिकिवलीय.’

त्यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर. नागेशला बाहेर आणलं तेव्हा सिद्धम्मा त्याच्याकडे न जाता आधी धुरपताबाईंच्या पायाशी वाकली. धुरपताबाईंनी तिला धरून उठवलं. ‘जा बाई. लेकराला घरी ने. आंघोळ घाल त्याला.’

एकच गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही, डाव्या हाताची. आज लिहिते आहे ती निकिताला विचारून. ती आता सोनपेठला सरकारी दवाखान्यात आहे. म्हणाली, लिहा आजी, माझ्या नावानिशी लिहा. धुरपताबाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांच्यात काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ठाण्याच्या बाहेर राम रिक्षा आणायला गेला. आम्ही दोघी लिंबाखाली उभ्या होतो. मी म्हटलं, ‘धुरपताबाई, मला बोला. काय वाटेल ते बोला.’

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

‘आज अंगात जीव न्हाई माझ्या,’ त्या म्हणाल्या. ‘पाच दिवस झालेत, भाकर न्हाई खाल्लेली. तुमच्यावर राग धरायला ताकद लागती, सिस्टर. ती आली की मी येते तुमच्या घरी. तवा तुमी घरी पायजे.’

रिक्षा आली. त्या बसल्या आणि मागे न बघता गेल्या.

त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. कॉलेजात हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याच्या आधी पेशंटला खरा थर्मामीटर लावतात. ते शिवप्रकाशांनी सुरू केलं. मला ते अजून बोलावतात, मी जात नाही. भाची लातूरला ये म्हणते, तिकडेही जात नाही. भाजी आणायला जाते ती सकाळी लवकर, आणि पोखर्णीची पहिली बस यायच्या आत परत येते. दाराची कडी काढून ठेवते आणि ओसरीवर बसते.

अजून त्या आलेल्या नाहीत. मी घरीच आहे.